कोरडी पिशवी

इंदुमतीच्या नवऱ्याच्या खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी आजही कोरडीच होती. "रक्तात जंतू पसरलेत. रक्तदाब चढवायला हार्मोनचं इंजेक्शन चालू केलंय," डॉक्टर म्हणाले. "किडन्यांचं मात्र सांगता येत नाही."

आयसीयूच्या दारातच इंदुमतीने हात जोडले. "ह्यांना लघवी तेवढी होऊ दे रे देवा!"

तासाभरात पिशवी अर्धी भरली. हे सांगायला ती बाहेर बाकावर बसलेल्या शेवंताकडे धावली. शेवंताचा मुलगा शेजारच्याच खाटेवर होता, इंजेक्शनही तेच.

"आमच्या पोराची तर आत्ताच बंद झाली गं," म्हणत शेवंताने डोळे पुसले आणि हात जोडले.

मुलाची पिशवी भरू लागली. इंदुमतीच्या नवऱ्याची थांबली. मग पुन्हा इंदुमतीने हात जोडले, मग शेवंताने. दुपारपर्यंत डॉक्टरही चक्रावले.

शेवटी दोघी एकमेकींचे दोन्ही हात घट्ट धरून बाकावर बसल्या.

"सख्ख्या बहिणी वाटतं?" जाता जाता सिस्टरने कौतुकाने विचारलं.

दोघींचीही बोटं पांढरी पडली होती. पकड जराशी सैल झाली असती, तर समोरचीने आधी हात जोडले असते.