डोळ्यांदेखत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि जुलैतली एक दुपार मनासमोर आणा. आपल्या गावचं अग्निशमन केंद्र. बंब बाहेर काढून आत बाकं मांडली आहेत, गावजेवणासाठी मोठ्या कढईत मासे तळले आहेत. मासे दुकानातले, कारण आपल्या नदीतले आता कुणी खात नाही. दाराशी एक घडीचं टेबल आहे. त्यावर सह्यांचा कागद, शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला. आणि टेबलामागे एकटीच उभी आहे नऊ वर्षांची टिली. तिचा चेहरा कसा फुललाय, दिसतोय ना?

तिची आजी, व्हर्ना टॅकेट, गाड्यांच्या रांगेतून घाम पुसत येत होती. इतका वेळ ती रॉइसच्या ट्रकच्या खिडकीशी उभी होती. रॉइस कोंबड्या पाळतो आणि कुठल्याच कागदावर सही करत नाही. आज सह्यांचा शेवटचा दिवस म्हणून व्हर्नाने पुन्हा एकदा त्याच्याशी वाद घातला होता. तोंड ट्रककडे, पाठ टेबलाकडे.

"आजी, बघ!" टिलीने कागद उंच धरला. "तू गेलीस आणि सगळे जेवून एकदम बाहेर आले. मी त्यांना रांगेत उभं केलं. पत्ता नीट लिहा म्हटलं. बेनेट आजोबांनी तर दोनदा विचारलं, 'नदीसाठीच ना गं?'"

व्हर्नाने नावं वाचली. यातल्या कितीतरी जणांना तिने त्यांच्या लहानपणी शाळेच्या बसमधून नेलं-आणलं होतं. तिने रस्त्याकडे पाहिलं. तिथे नुसती धूळ होती.

"मी तुला काय सांगून गेले होते, टिली?"

"कुणी आलं तर थांबवून ठेव."

"मग?"

"त्यांना घाई होती. आणि पेन इथेच तर होतं."

मागणं साधं होतं. नदीत घाण सोडायची मुभा कुणालाच असू नये, हे राज्याच्या घटनेत लिहिलं जावं. विधानसभा ते लिहीत नव्हती. पण लोकांनी पुरेशा सह्या जमवल्या, तर प्रश्न थेट मतदानाला जातो. प्रत्येक काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, ठरलेल्या सह्या यायला हव्यात, आणि आपल्या काउंटीला नेमका एवढा एक कागद कमी पडत होता. सह्या घेणाऱ्या सज्ञान माणसाने प्रत्येक कागदावर शपथ घ्यायची असते, की प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली.

गाडीचा हॉर्न वाजला. इमोजीन आली होती. ती बँकेत काम करते, लोकांना शपथ देऊन कागदांवर शिक्के मारण्याचा अधिकार तिच्याकडे आहे, आणि आज कागद राजधानीत पोचवायचं कामही तिच्याकडेच होतं.

"आटप, व्हर्ना. पाचला ऑफिस बंद होतं आणि रस्ता लांबचा आहे," असं म्हणत तिने शिक्का टेबलावर ठेवला. मग तिची नजर कागदावर गेली. "अरे वा! भरला की! म्हणजे झालं आपलं काम."

व्हर्ना अजून रस्त्याकडेच बघत होती.

"मी त्यांना बोलावून आणते," टिली म्हणाली. तिला आता काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. "मी पळत जाते."

"बेनेट एव्हाना पुलाच्या पलीकडे गेला असेल, बाळा."

इमोजीनने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा नातीकडे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, मला काही सांगू नकोस. मी विचारते, तू हो म्हण. सह्या खऱ्या आहेत ना? माणसं खरी आहेत ना?"

"खरी आहेत."

"मग कर हात वर."

व्हर्नाचा उजवा हात वर गेला. इमोजीनने नेहमीचा प्रश्न विचारला. टिली आजीच्या तोंडाकडे बघत होती, तिच्या कोपराला अगदी चिकटून.

हात खाली आला.

"या कागदावर नाही," व्हर्ना म्हणाली. तिने तो आधी भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापासून वेगळा ठेवला. "बाकीच्यांवर विचार."

"व्हर्ना, पुढची संधी दोन वर्षांनी!"

"माहीत आहे मला."

बाकीच्या कागदांवर शिक्के पडले. एवढ्यात रॉइस रिकामी पत्रावळ कचऱ्यात टाकायला आला आणि तिथेच घुटमळला.

"मला दिसत होतं गं," तो टोपी मागे सारत म्हणाला. "तुझ्या मागे पोरगी सह्या घेत होती ते. मी सांगणार होतो. पण तू बोलू देशील तर ना!"

व्हर्नाला हसू आलं नाही, आणि रागही आला नाही. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "तुझ्या एका सहीपायी मी आलेल्या माणसांकडे पाठ केली."

रॉइस मान खाली घालून ट्रककडे गेला. इमोजीन गठ्ठा खोक्यात भरू लागली.

तेव्हा टिली टेबलाला वळसा घालून पुढे आली. इमोजीनसमोर ताठ उभी राहिली आणि तिने उजवा हात वर केला.

"मला विचारा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत झाल्यात."

इमोजीनने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खोक्याचं झाकण लावलं. गाडी सुरू झाली, वळली, रस्त्याला लागली. टिलीचा हात तसाच वर होता.