रखमायची होडी

अंजनाबाई वाकोल्याच्या बाजारात मासळी विकून घरी आली, तर भावाचा नातू कृणाल फोन हातात घेऊन ओट्यावर बसलेला. "आजी, आपला कोळीवाडा कसा वसला ते सांग ना. पुस्तक काढतोय, त्यात तुझं नाव टाकणार."

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने आधी त्याला बोंबलाचं कालवण वाढलं, मग मन मोकळं करून सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वी वादळात होडी फुटली, सात माणसं इथल्या खडकाला धरून जगली. त्यांची पुढारीण रखमाय. तिने दर्याला शब्द दिला, "आमी पल्याडची मानसं, पन आता हितनं हलनार नाय."

दोन महिन्यांनी, बिल्डरने दावा केलेल्या मासळी सुकवायच्या जागेची सुनावणी होती. अख्खा कोळीवाडा आला होता. बिल्डरच्या वकिलाने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं आणि अंजनाबाईचाच आवाज घुमला, "आमी पल्याडची मानसं." पुढचं कापलेलं होतं.

"ऐकलंत साहेब? हे लोक इथले मूळचे नाहीत."

वकिलाच्या शेजारच्या खुर्चीत कृणाल मान खाली घालून बसला होता.

मागून शेजारीण मालन कुजबुजली, "काकी, आवाज तुजा नाय म्हनून सांग." पण तसं म्हणणं म्हणजे रखमायलाच नाकारणं.

साहेबांनी विचारलं, "बाई, हा आवाज तुमचा?"

 

"आवाज माजाच हाय, साहेब. नातू कुनाचा, ता मना ठाव नाय."