भिंतीवरची ओळ

निघोज्यातल्या आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाला कवितांची स्पर्धा असते. यंदा पहिलं बक्षीस प्रेसवरच्या ज्योतीरामला मिळालं. 'हात जप भावा, घरी कुणीतरी तो धरायला थांबलंय' ही त्याची ओळ साहेबांना इतकी आवडली, की त्यांनी ती प्रेससमोरच्या भिंतीवर लाल रंगात रंगवून घेतली. तेव्हापासून तेही त्याला कविराज म्हणायचे.

मे महिन्यात ऑर्डर वाढली. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर जुना झाला होता, उगाचच मशीन बंद पाडायचा. शेवटी साहेब स्वतः प्रेसपाशी आले. म्हणाले, "कविराज, सेन्सर बंद ठेवून चालवा. माल आज गेलाच पाहिजे."

त्याच दुपारी ज्योतीरामच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची बायको वर्षाली भिंतीला टेकून उभी होती. साहेबांना बघून पुढे आली. "असं कसं झालं हो, साहेब? इतकी वर्षं तेच मशीन चालवतात ते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. प्रेसपाशी त्यांचा हुकूम ऐकलेले आम्ही चौघे बाजूलाच उभे होतो.

"कवी माणूस, वहिनी. लागली असेल तंद्री."