मागची सीट

"दहाचा पाना मागितला, तर बाराचा देतेस. तुझ्या आईच्या हाताखाली शिकलीस वाटतं." बॉनेटखाली वाकलेले बाबा थोरलीच्या कानाशी पुटपुटले.

थोरलीनं पाना परत घेतला. त्यावर दहाच कोरलेलं होतं. तिनं तो फडक्याला पुसला आणि तोच पुन्हा हातात दिला. या खेपेला बाबांनी आधी बोटानं बोल्टचं डोकं चाचपलं, मग पाना लावला.

"हां. हा कसा बसला."

पायरीवर बसलेल्या आईनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं आईकडे. सकाळपासून दोघींचं असंच चाललं होतं. तू सांग. नाही, तूच सांग. रविवारी बाबा आईला घेऊन मावशीच्या गावी निघणार होते, स्वतः गाडी चालवत, तीनशे किलोमीटर. एसीचा कॉम्प्रेसर तेवढा बदलला की झालं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या आठवड्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हा आई म्हणाली होती, "मेला खांबच पुढे आलाय." घरात सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं.

गाडी म्हणजे बाबांची शेवटची टॅक्सी. रंग बदलून पांढरी केली, पण डॅशबोर्डवर मीटरची चार भोकं तशीच राहिली. 'एसी पॅसेंजरसाठी' हा तेव्हाचा नियम. रिकाम्या गाडीत खिडक्या खाली, मग जीव उकडून का निघेना. आणि घरची पोरं काही पॅसेंजर नव्हेत. फक्त कधीतरी लहर आली, तर बाबा थोरलीला मागच्या सीटवर बसवायचे. पाठ ताठ, हात मांडीवर. आरशातून विचारायचे, "कुठं जायचंय, मॅडम?" पत्ता धड सांगितला, तरच एसी लागायचा. एकदा ती नुसतंच 'घरी' म्हणाली, तर गाडी जागची हलेना. "घरी म्हणजे कुणाच्या घरी? आम्हाला शहरातली हजार घरं माहीत आहेत."

जुना कॉम्प्रेसर निघाला. बाबांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला. निघेल ती वस्तू निघेल त्या क्रमानं त्या कागदावर मांडायची, ही त्यांची जुनी शिस्त. बेल्ट, चार बोल्ट, मग पाइपांच्या तोंडच्या रबरी रिंगा. रिंग एकच होती.

"दुसरी कुठं गेली? पडली असेल खाली," ते म्हणाले आणि नव्या रिंगा तेलात बुडवून पाइपांना चढवायला लागले.

थोरलीला दिसलं. दुसरी रिंग कुठंही पडली नव्हती. चपटी, काळी होऊन पाइपालाच चिकटून बसली होती, आणि बाबा नवी तिच्यावरच चढवत होते. तशीच राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळा गॅस उडून गेला असता.

"बाबा, चहा घ्या आधी. निवतोय."

ते वळल्याबरोबर तिनं केसातली पिन काढली, जुनी रिंग उचकटली, नवी नीट बसवली. जुनी गुपचूप कागदावर पहिलीच्या शेजारी ठेवली. आईनं सगळं पाहिलं आणि साखर कमी पडली का, असं उगाचच विचारलं.

नवा कॉम्प्रेसर बसला. बोल्ट आवळून झाले. मग बाबांनी सवयीनं कागदावरून हात फिरवला. बेल्टची जागा रिकामी, बोल्टांची रिकामी. जुन्या रिंगांपाशी बोटं थांबली. एक. दोन. पुन्हा एकदा, एक, दोन. दोन्ही रिंगा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

सकाळी जुना गॅस काढून गेलेला गॅसवाला चार वाजता परत आला. पंप लावला, नवा गॅस भरला. "काका, गार गार," म्हणून गेलासुद्धा. आईनं खिडकीतून आत हात घातला. "खरंच गार आहे हो."

बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. इंजिन चालू होतं. मग ते उतरले. किल्ली तशीच ठेवली. गाडीच्या अंगावरून हात सरकवत मागच्या दारापर्यंत आले, दार उघडलं आणि आत बसले. पाठ ताठ, हात मांडीवर.

थोरली क्षणभर उभीच राहिली. मग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. गाडीत घरचेच, मग एसी कशाला, म्हणून तिचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे. पॅसेंजर आहे गाडीत."

तिनं आरसा जरा खाली केला.

"कुठं जायचंय, साहेब?"

"तुझ्या मावशीकडे. रविवारी." ते खिडकीकडे बघत होते. "पत्ता सांगतो मी. गाडी तू चालव. मला आता दिसत नाही गं."