साक्षीचा रविवार

चर्चच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाण्याआधी प्रत्येक मुलाने रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची असते. व्यसन कसं लागलं, ते प्रभूसमोर खरंखरं सांगायचं. आज माझ्या मुलाची पाळी होती. तो काय सांगेल या धास्तीने मी शेवटचा बाक गाठला होता.

"पहिला घोट मी चोरून घेतला," तो म्हणाला. "घरच्यांचा काही दोष नाही."

माझ्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. खोट्याच्या आधाराने उभं राहिलेलं पोरगं बाहेर किती दिवस टिकणार? मी धडपडत उठलो.

"बाबा, बसा ना खाली!"

"पास्टर, तो पहिला ग्लास मीच त्याला भरून दिला होता," मी म्हणालो. "त्याची खाट आज रिकामी होतेय ना? ती मला द्या."