मातीचा शेठ

मुलांनो, डोळे मिटा आणि बहात्तरच्या दुष्काळातलं परंड्याजवळचं एक घर बघा. आई खडी फोडायला गेली आहे. ओसरीवर चांगुणा, तिचा तान्हा भाऊ आणि दिवसभर पुरवायची पाण्याची एकच घागर.

तिथली पोरं मातीची माणसं करून राज्याचा खेळ खेळत. बाहुल्याचा स्वभाव एकदा बोलून दाखवला, की खेळ संपेपर्यंत तो बदलायचा नाही. चांगुणानं घागरीतलं ओंजळभर पाणी चोरून माती मळली आणि एक शेठ केला.

"ह्याला कितीबी द्या, पुरं म्हणायचा न्हाय," ती ऐटीत म्हणाली.

"लई हावरट गं तुझा शेठ!" शेजारची धुरपदा हसली.

दुपारच्या उन्हात बाकीचे बाहुले तडकले. शेठ ओलाच राहिला.

धुरपदा घरी गेल्यावर चांगुणानं भावासाठी घागर कलती केली. थेंबही पडला नाही.

भाऊ रडू लागला. तिनं त्याचे गाल पुसले, तर ते कोरडेच. गाल ओले होते शेठचे. आणि घडवताना तिनं मिटलेलं ठेवलेलं त्याचं तोंड आता उघडं होतं.

चांगुणानं भावाला दूर निजवलं.

"त्याचं ऱ्हाऊ दे. माझं घे," असं म्हणत तिनं आपलं बोट त्या तोंडात घातलं.