वेंडेलसाठी काडतुसं

"तीन पुरेत," वेंडेल म्हणाला.

ऑरिन तळघराच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होता. तो थांबला. "तीन? दरवर्षी वीसची पेटी नेतोस."

"म्हातारा झालो. नेम चुकवत बसायला आता वेळ नाही." वेंडेल बाकावर टेकला. "आणि हात धुऊन भर रे बाबा. टोपीला तेल लागलं की काडतूस मेलं, हे तूच शिकवलंयस मला."

"बरं आठवतं तुला."

वेंडेलच्या मॅग्नम रायफलीची काडतुसं वर्षानुवर्षं ऑरिनच भरत आला होता. पितळी नळी, तळाला ठिणगी पाडणारी टोपी, आत बंदुकीची दारू, वर गोळी. खरं कौशल्य दारू निवडण्यात. भर्रकन जळणारी पडली तर रायफल हातात फुटते. मॅग्नमला सावकाश जळणारी लागते आणि ती गळ्यापर्यंत भरावी लागते. वेंडेल प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलवायचा. आत खुळखुळलं की परत.

"जुनी दारू संपलीय," ऑरिन म्हणाला. "नवी भरली तर आधी कागदावर मारून बघायला हवं. शनिवारी जाऊ या?"

"काही गरज नाही."

ऑरिनने त्याच्याकडे पाहिलं. "परवाना काढलास एल्क हरणाच्या शिकारीचा?"

"काढीन."

"कुत्रा कुठाय तुझा?"

"पुतणीला दिला. तिची पोरं खेळतात त्याच्याशी. माझ्याशी कोण खेळणार?" वेंडेल उठला. "वरच्या तळ्याशी जाईन म्हणतो. मार्व्हाला आवडायचं तिथं."

मार्व्हाला, वेंडेलच्या बायकोला, जाऊन सहा महिने झाले होते. ऑरिनच्या जिभेवर काहीतरी आलं. मग त्याने पुन्हा बिजागरीला तेल घातलं.

सकाळी जोलीनने रव्याची लापशी नवऱ्यापुढे ठेवली. "नाही म्हणून सांग त्याला. एकटा जाणार, आणि डोंगरात अस्वलं अजून हिवाळ्याच्या झोपेला गेलेली नाहीत."

"नाही म्हटलं तर दुकानातून घेईल."

"घेऊ दे की मग!"

"दुकानातली नकोत."

"हं. तुझ्या हातचीच हवीत. केवढा तो ताठा!"

ऑरिन लापशीत चमचा फिरवत राहिला. "मी बोलून बघू का त्याच्याशी?"

"तो ऐकणाऱ्यातला आहे होय? तू दहा शब्द बोलशील, तो एक विनोद करेल आणि निघून जाईल. खा, गार होतंय."

जोलीन चर्चला गेली तेव्हा तो तळघरात उतरला. फळीवरचे डबे त्याने एकेक करून पाहिले. एक भर्रकन जळणारी. दुसरी नळीत निम्मीच मावायची, म्हणजे खुळखुळणार. तिसरी कडाक्याच्या थंडीत जोर धरणारी. तिच्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग दारू ओतायचं पितळी नरसाळं हातात घेऊन वर स्वयंपाकघरात गेला, घोटभर पाणी प्यायला, खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि परत खाली आला.

शेवटी तराजूवर तिन्ही काडतुसं सारखी उतरली. वजन अगदी नेहमीइतकंच.

जोलीन आली तेव्हा तो पायरीवर बसून होता. तिने त्याचा हात हातात घेतला आणि नाक मुरडलं. "तेलाचा केवढा वास येतोय!"

"बिजागरी कुरकुरत होती."

काडतुसं न्यायला आल्यावर वेंडेलने प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलवलं. "एकही वाजत नाही. कुठली दारू घातलीस?"

"गळ्यापर्यंत बसणारी."

"सावकाश जळते ना?"

"फार सावकाश."

वेंडेल हसला. जाताना त्याने ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

वेंडेल डोंगरात गेला त्याच रात्री तिथं बर्फ पडलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर कोणीतरी सांगितलं, तळ्याच्या वाटेवर अस्वलाचे ताजे ठसे आहेत. ऑरिनने स्वतःची रायफल ट्रकमध्ये ठेवली, पायथ्याच्या फाटकापर्यंत गेला. पुढची वाट बर्फाने बंद होती. तो परत आला.

"एवढं कसलं मनाला लावून घेतोस?" जोलीन म्हणाली. "तुझी काडतुसं कधी दगा देतात का?"

त्यावर ऑरिन उठून अंगणात गेला. तो जेवायलाही बसेना. जोलीननेही चूल पेटवायचं सोडून दिलं. दोघं कॉफी आणि पावावर दिवस काढू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं दार वाजलं. वेंडेल उभा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"अगं बाई! ये, आत ये," जोलीन म्हणाली. "बस. गरम काहीतरी करते."

तो बसला. खिशातून काडतुसं काढून त्याने टेबलावर ओळीत उभी केली. तिन्ही होती. एकाच्या टोपीवर खोलगट खूण उमटली होती.

"हे फुसकं निघालं," तो म्हणाला. "चाप ओढला. टक् झालं, बस."

ऑरिनने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "एल्क पळाला असेल."

"एल्क नव्हताच समोर."

पाठमोरी जोलीन फडताळात डबा शोधत होती.

"मग?" ऑरिनने विचारलं. "दुसरं लावून बघितलंस?"

"नाही. तिथंच बसून राहिलो. थंडी वाजायला लागली. भूक लागली. म्हटलं, आश्चर्य आहे, भूक लागतेय." वेंडेलने तळव्याने डोळे पुसले. "पुतणीकडे जाऊन कुत्रा परत आणतो म्हणतो. तुझं आयुष्यातलं पहिलं फुसकं काडतूस, लेका. नेमकं माझ्याच वाट्याला यावं!"

ऑरिनने ते काडतूस उचलून मुठीत घेतलं.

जोलीन डबा उघडून वळली. तिच्या बोटांत पितळी नरसाळं होतं.

"ऑरिन, हे माझ्या रव्याच्या डब्यात काय करतंय?"